पाठमोऱ्या खुर्च्यांसमोर

जेवणाऱ्या माणसाने चमचा खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं, की आमचं काहीतरी चुकलं असं समजायचं. आमच्या कामातला हा पहिला नियम. पाहुण्याने पाहू नये, थांबू नये, गप्प होऊ नये. त्याने पनीरचा तुकडा तोंडात टाकत शेजारच्याला आपल्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल सांगत राहावं, आणि घरी जाताना त्याला एवढंच आठवावं की संध्याकाळ बरी गेली. काय वाजत होतं असं कोणी विचारलं तर सांगता येऊ नये. हे जमलं की माझ्या कार्डावर मी त्या कार्यक्रमापुढे बरोबरची खूण करायची. माझ्याकडे अशा खुणांची पुष्कळ कार्डं आहेत.

जबलपूरच्या आमच्या गटाचं नाव ‘मद्धम’, हिंदीत मद्धम म्हणजे मंद. वाजवणारी माणसं चार आणि पाचवी मी. सॅक्सोफोनवर दिलीपभाऊ, की-बोर्डवर माझे यजमान शिरीष, तालवाद्यांवर मरावी सर आणि बास गिटारवर रॉबिन. रॉबिन फारसा बोलत नसे, त्यामुळे या लेखातही तो फारसा बोलणार नाही. चौघांच्याही नोकऱ्या होत्या आणि मीही एका शाळेच्या कार्यालयात होते. गटाचं बाकी सगळं माझ्याकडे: कार्यक्रम ठरवणं, गाडी सांगणं, वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याच्या बाटल्या आणि आवाजाचा मिक्सर. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. पण निघण्याआधीची माझी यादी कधी चुकली नाही. तिच्यातली शेवटची ओळ ‘मरावी सरांचा चष्मा’ अशी होती आणि ती ओळ दर वेळी कामाला यायची.

आम्ही वाजवायचो ते स्मूथ जॅझ म्हणजे काय, हे मला इतक्या मावश्यांना आणि मामांना सांगावं लागलं आहे की आता पाठ आहे. जॅझ म्हणजे एक चाल धरून तिच्यावर ऐनवेळी सुचेल ते वाजवणं. स्मूथ जॅझ म्हणजे सुचलेलं कोणाला टोचणार नाही अशा बेताने वाजवणं. लहान मुलांच्या घरात टेबलाचे कोपरे घासून गोल करतात, तसं. त्याखाली आम्ही जगभरचे ताल घालायचो. ब्राझीलचा झुलता ताल, क्यूबाचा, पश्चिम आफ्रिकेचा सहा मात्रांचा. मरावी सर मूळचे डिंडोरीकडचे, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्या गावाकडच्या करमा नाचाचा ताल आफ्रिकेच्या तालाशेजारी असा बसवायचे की सांधा दिसू नये. ‘दोनों एक ही घर के हैं, मैडम, बस गाँव छोड़े बहुत दिन हो गए,’ असं ते म्हणायचे.

सरांचं एक वाद्य म्हणजे नुसती लाकडी पेटी. वाजवणारा तिच्यावरच बसतो आणि पायांच्या मधून तिच्या पुढच्या फळीवर हाताने वाजवतो. एका लग्नात सर चहा घ्यायला उठले आणि परत आले तर पेटीवर एक आजी बसलेल्या. सरांनी नम्रपणे सांगितलं, ‘अम्मा, ये बाजा है.’ आजींनी पेटीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तो बेटा, हमने कब मना किया, बजाओ.’ उठल्या काही नाहीत. पुढचा अर्धा तास सरांनी टिमकीवर काढला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. म्हणून त्याही कार्यक्रमापुढे बरोबरची खूण.

सुरुवातीला आम्ही असे नव्हतो. सुरुवातीला दिलीपभाऊ दणकून वाजवायचे. लहानपणी ते शेजारच्या एका निवृत्त फौजी बँडमास्तरांकडे क्लॅरिनेट शिकले होते आणि मैदानावर वाजवायचा दम त्यांच्या छातीत होता. आम्हाला वळण लावलं ते पनागरच्या एका मटारच्या व्यापाऱ्याने. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, मोठं मॅरेज गार्डन घेतलं होतं, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की आजकाल स्वागताच्या वेळी असं विलायती मंद संगीत ठेवतात. आमचं पहिलंच गाणं ऐकून ते आपली पगडी सांभाळत आले, माझ्या खुर्चीशी वाकले आणि म्हणाले, ‘दीदी, ऐसा बजवाइए कि लगे बज रहा है, पर बजे नहीं.’

आम्ही त्या वाक्यावर महिनाभर हसलो. मग तेच वाक्य आमचा धंदा झालं.

कारण गिऱ्हाईक सगळीकडे तेच मागत होतं. हॉटेलची जेवणाची खोली, डॉक्टरांचं संमेलन, शोरूमचं उद्घाटन, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. मग मी पद्धत बसवली. मिक्सर एका कोपऱ्यात ठेवायचा आणि टेबलांमधून एक फेरी मारून यायची. दोन माणसं बोलताना एकमेकांकडे वाकायला लागली, तर आवाज जरा जास्त. बोलणं थांबून माना आमच्याकडे वळल्या, तर नक्कीच जास्त. आणि मागून कोणी हात हलवला, तर उशीर झालेला आहे, लगेच उतरवा. मी तळवा खाली करून स्टेजला खूण करायची. दोन-तीन वर्षांत माझ्या खुणेची गरज राहिली नाही. चौघांचेच कान असे तयार झाले की खोलीतली कुजबुज जरा ओसरली, की ते आपापसात न बघता एकदम खाली यायचे. सर काडी ठेवून बोटांवर, शिरीष डाव्या हाताच्या दोन सुरांवर, रॉबिन होताच खाली, आणि दिलीपभाऊ माइकपासून अर्धं पाऊल मागे. एखादं कुटुंब पाहुणे आल्यावर न सांगता गाद्या सरकवतं, तसं. मला त्याचा फार अभिमान होता. आजही आहे, हीच अडचण आहे.

‘भैया, थोड़ा कम,’ हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद मीसुद्धा ठेवली नाही. आवाज वाढवायला मात्र एकदाच कोणीतरी सांगितलं. राइट टाउनमधल्या एका आपल्याच मराठी घरचं लग्न होतं आणि जेवणाच्या पंगतीत व्याही-व्याही भांडायला लागले. विषय असा की वरपक्षाच्या जावयाला आइस्क्रीम मिळालं नाही. मुलीचे काका धावत आले. ‘ताई, वाढवा, वाढवा, जेवढं असेल तेवढं वाढवा.’ आम्ही वाढवलं. दिलीपभाऊंनी त्या संध्याकाळी दहा मिनिटं असं वाजवलं की मी मिक्सर विसरून ऐकत राहिले. तेवढ्यात जावयाला आइस्क्रीम मिळालं आणि काका परत आले. ‘आता कमी करा.’

गाडीत दिलीपभाऊ म्हणाले, ‘वहिनी, देवाला सांगा, अजून दोन-चार जावई उपाशी ठेव.’

दिलीपभाऊ माझ्या यजमानांचे शाळेपासूनचे दोस्त. नोकरी कचेरीतली, टेबलावर फायली, आणि सकाळी आंघोळीआधी छतावर तासभर लांब सूर धरायचे. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा त्यांनी सॅक्सोफोनच्या कर्ण्यात टॉवेल कोंबला. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती ते मला थट्टेत सांगायचे, म्हणजे वारंवार सांगायचे.

‘वहिनी, एकदा खुर्च्या आपल्याकडे तोंड करून मांडा ना.’

जेवणाच्या टेबलांभोवतीच्या निम्म्या खुर्च्यांची पाठ नेहमी आमच्याकडे असते. ज्यांची तोंडं आमच्याकडे असतात, ते समोरच्या माणसाकडे बघत असतात. दिलीपभाऊ इतकी वर्षं लोकांच्या पाठींना वाजवत होते. मी व्यवहाराची बाई. मी विचारायची, ‘येणार कोण, भाऊ? जबलपूरमध्ये तिकीट काढून सॅक्सोफोन ऐकायला?’

‘माझी बायको येईल.’

‘ती टॉवेल कोंबल्यावर खूश होती.’

‘अच्छा, मग सरांची बायको येईल,’ असं म्हणून ते हसायचे आणि विषय संपायचा. पुढच्या लग्नात पुन्हा निघायचा.

त्यांनी त्या न झालेल्या कार्यक्रमासाठी एक चाल बांधून ठेवली होती. एकदा कार्यक्रमाहून परतताना महाराजपूरच्या रस्त्यावर त्यांची स्कूटर बंद पडली होती आणि ती ढकलत नेताना त्यांना ती सुचली, म्हणून तिचं नाव ‘महाराजपूर’. खाली सरांचा करमा, ढकलणाऱ्याच्या पावलांसारखा, आणि वर सॅक्सोफोन. सुरुवात इतकी हळू की श्वास ऐकू यावा. मग ती चढत जायची आणि शेवटी सॅक्सोफोन अक्षरशः ओरडायचा. घरच्या सरावात आम्ही ती अनेकदा ऐकली होती. बाहेर कधी वाजवली नाही, कारण ओरडणारं गाणं कोणत्या टेबलाला चालणार.

मग त्यांचे दात हलायला लागले.

सॅक्सोफोन वाजवताना वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवून ठेवावे लागतात. सगळा जोर तिथे येतो. दात पक्के नसतील तर सूर डगमगतो. दिलीपभाऊंच्या हिरड्या बरीच वर्षं खराब होत होत्या आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी वरचे पुढचे चार दात काढायचे ठरवले. कवळी बसेल, जेवता येईल, बोलता येईल. वाजवता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करून बघा. दिलीपभाऊंनी आम्हाला हे घरी येऊन सांगितलं, पोहे खाता खाता, डाव्या बाजूने चावत.

शिरीष म्हणाला, ‘अरे, इतके दिवस काहून नाही सांगितलं तू?’

‘सांगून काय, तू देणार होता का तुझे?’ दिलीपभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, ‘तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी काढून राहिले.’

मी उठले, कार्ड घेतलं आणि वर ‘रविवार’ लिहिलं.

हाताशी तीन आठवडे होते. राइट टाउनमधल्या एका शाळेचं सभागृह मिळालं. तिकीट ठेवलं नाही. ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. महाराष्ट्र मंडळातले लोक, संगीताचे शिक्षक, शिरीषच्या कचेरीतले, सरांचे जुने विद्यार्थी, ज्यांच्या लग्नात वाजवलं होतं अशी दोन-तीन जोडपी. वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे लोक चहा घेऊन येतील आणि जेवायला घरी जातील. खाण्याची काहीच सोय ठेवली नाही. मुद्दाम. चमचाच नसेल तर तो खाली ठेवायचा प्रश्न नाही. सभागृहाची देखभाल दुबेजी म्हणून एक गृहस्थ करायचे. त्यांनी आणि मी सकाळी खुर्च्या मांडल्या. सगळ्या रांगांची तोंडं स्टेजकडे. दिलीपभाऊ दुपारी आले, दारातच थांबले आणि त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग पहिल्या रांगेतली एक जरा तिरकी होती ती त्यांनी सरळ केली.

‘बस्स, वहिनी,’ म्हणाले. ‘आता कोणी नाही आलं तरी चालते.’

लोक आले. सभागृह भरलं असं म्हणणार नाही, पण मागच्या रांगाही रिकाम्या नव्हत्या. टेबलं नव्हती, त्यामुळे मला फिरायला जागा नव्हती. पहिल्यांदाच मी मिक्सर घेऊन स्टेजच्या कडेला, पडद्याजवळ बसले. तिथून मला वाजवणारे चौघे दिसत होते आणि प्रेक्षक जवळजवळ दिसत नव्हते.

पहिल्या दोन चाली नेहमीच्या. लोक स्थिरस्थावर होत होते, खुर्च्या करकरत होत्या, कोणाचा तरी फोन वाजला. आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. मग शिरीषने ‘महाराजपूर’चे पहिले सूर धरले, सरांनी पेटीवर ती पावलं सुरू केली आणि दिलीपभाऊंनी डोळे मिटून श्वास सोडला.

ती चाल चढायला लागली आणि सभागृह शांत होत गेलं. आधी करकर थांबली, मग खोकला थांबला. मग अशी शांतता झाली की पंख्यांचा आवाज यायला लागला. इतक्या वर्षांत आमच्यासमोर अशी शांतता कधी झाली नव्हती. थोडी जरी झाली, तरी तिचा अर्थ एकच असायचा: आवाज जास्त झाला.

सर तळव्यांवरून बोटांवर आले. शिरीषचा उजवा हात थांबला. दिलीपभाऊंनी डोळे उघडले, समोर बघितलं आणि अर्धं पाऊल मागे गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. माझा हात मिक्सरवर होता आणि तोही खाली आला. जिथे सॅक्सोफोनने ओरडायचं होतं, तिथे तो गुणगुणला. शेवटचं आवर्तन त्यांनी गाळलंच. चाल संपली.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. आम्हाला वाटलं, लोक भले आहेत.

नंतर स्टेजमागे चहा घेताना शिरीष म्हणाला, ‘मागून कोणी हात हलवून राहिलं होतं, पाहिलं का?’

‘पाहिलं ना,’ दिलीपभाऊ म्हणाले. ‘म्हणूनच शेवटचं आवर्तन गाळलं. चलो. सवयीचं गिऱ्हाईक निघालं हेही.’ ते हसले आणि सॅक्सोफोनचं तोंड रुमालाने पुसून डबीत ठेवलं. रोज पुसायचे त्यापेक्षा जरा जास्त वेळ पुसलं. मरावी सर म्हणाले, ‘दिलीप भाई, अच्छा हुआ.’ दिलीपभाऊ म्हणाले, ‘हाँ सर, कोई नाराज़ नहीं हुआ.’

सोमवारी मी शाळेत रजा टाकली होती. आधी सभागृहाची किल्ली परत करायची आणि मग दिलीपभाऊंना बघायला जायचं, असं कार्डावर लिहिलं होतं. दुबेजी खुर्च्या एकात एक रचत होते. मी किल्ली दिली, आभार मानले. ते म्हणाले, ‘मैडम, कल आपकी मशीन बिगड़ गई थी क्या?’

‘नहीं तो. क्यों?’

‘बीच में आवाज़ एकदम बैठ गई. पीछे वाले सब परेशान. वो जो लंबा वाला बजा रहे थे ना भैया, पीतल का, उसी को सुनने आगे को झुक-झुक के बैठे थे सब. बोले, दुबेजी, कहो ना, आवाज़ बढ़ाएँ. तो हमने खड़े होके हाथ भी किया.’ आणि त्यांनी करून दाखवलं. तळवा वर, खालून वर, खालून वर. ‘आप लोगों ने देखा नहीं.’

मी म्हटलं, देखा था.

ऑटोत बसल्यावर मला कळेना की हे सांगायचं की नाही. व्यवहाराने पाहिलं तर सांगून उपयोग नव्हता. दात गेलेले होते. सभागृहातल्या खुर्च्या पुन्हा एकात एक गेल्या होत्या. पण ज्या माणसाने इतकी वर्षं एक गोष्ट मागितली, त्याला ती मिळाली होती, आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी न सांगता राहिले असते तर ती फक्त माझ्याकडेच राहिली असती. ती माझी नव्हती.

दिलीपभाऊ दिवाणावर उशीला टेकून बसले होते. ओठ सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली होती. त्यांची बायको, मीनाक्षी, म्हणाली, ‘वहिनी, बसा. आज पहिल्यांदा हे घरात मद्धम आहेत.’ त्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. ती चहा टाकायला आत गेली.

मी समोरच्या खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. दुबेजी काय म्हणाले, मागचे लोक कसे पुढे वाकून बसले होते, काय म्हणत होते. ते वाक्य मी हिंदीतच सांगितलं, जसं म्हटलं होतं तसं. आवाज़ बढ़ाएँ. दिलीपभाऊ ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं दुखतंय, आणि मी थांबले. त्यांनी हाताने खूण केली, पुढे बोला. पुढे काही नव्हतं. मी म्हटलं, ‘तो हात कमी करा म्हणत नव्हता, भाऊ.’

मीनाक्षीने चहा आणून माझ्या हातात दिला.

आता कवळी बसून वर्ष होऊन गेलं. छतावर ते अधूनमधून वाजवतात. सूर लागतो, पण टिकत नाही, आणि टॉवेल लागत नाही. ‘मद्धम’ बंद झाला. मरावी सर निवृत्त होऊन डिंडोरीला गेले, चष्मा आमच्याकडे विसरून. मिक्सर मी एका शाळेला दिला. लग्नातल्या स्वागताला आता लोक स्पीकरला फोन जोडतात, आणि खरं सांगायचं तर कोणाला फरक कळत नाही. आम्हीच तशी सवय लावली होती.

त्या दिवशी मात्र मी उठायच्या आधी दिलीपभाऊंनी मला थांबवलं. बोलता येत नव्हतं. त्यांनी उजवा हात चादरीवरून उचलला, तळवा वर केला आणि हळूच खालून वर नेला. मग भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. असा?

मी म्हटलं, ‘हो. असाच.’

त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं.